कोऱ्या पाठीवरची रेघ

एकदा एका गावात एक बाई होत्या आणि त्यांच्या घरात एक खोली होती. बाई म्हणत, ही माझी कामाची खोली. येणारी-जाणारी माणसं मात्र दारातूनच आत डोकावत आणि विचारत, "अहो, पण तुम्ही बसता कुठे?" प्रश्न रास्त होता. खुर्चीवर कागद होते, टेबलावर कागद होते, खिडकीच्या कट्ट्यावर कागद होते, आणि बाई बहुधा उभ्या असत.

बाईंचं नाव मंदाकिनी. वय साठीला टेकलेलं. तालुक्यातल्या जुन्या विहिरी हिंडून बघायच्या, त्यांच्या पायऱ्या मोजायच्या, कोनाडे कागदावर उतरवायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून त्यांची नावं टिपून घ्यायची, असा उद्योग त्यांनी अकरा वर्षं केला. एकशे अठ्ठ्याऐंशी विहिरी झाल्या. आता त्यांचं पुस्तक व्हायचं होतं. मजकूर छापखान्यात पोचला होता, चित्रं पोचली होती. फक्त प्रस्तावना जायची राहिली होती, आणि छापखान्याचे मालक एक दिवसाआड फोन करून विचारत, "ताई, प्रस्तावनेचं काय झालं?"

प्रस्तावना लिहून झाली होती. तेच तर दुखणं होतं.

ती लिहिली होती हरदास गुरुजींनी. गुरुजी शहाऐंशी वर्षांचे. मंदाकिनी सातवीत होती तेव्हा ते तिला भूगोल शिकवत. नकाशा गुंडाळून ठेवायचे आणि अख्खा वर्ग शाळेमागच्या विहिरीवर न्यायचे. "पाणी दिसतंय ते सोडा. ते येतंय कुठून, ते बघा," म्हणायचे. विहिरींचं हे वेड मुळात त्यांनीच लावलेलं. म्हणून प्रस्तावना त्यांचीच हवी, हा बाईंचा हट्ट. आता गुरुजींचा उजवा हात थरथरत असे. डाव्या हाताने उजवं मनगट धरून, दिवसाला दोन-तीन ओळी, अशी त्यांनी महिनाभर खपून तीन पानं लिहिली. देताना म्हणाले, "हे माझं शेवटचं लिखाण, बरं का. यापुढे सहीच्या जागी अंगठा." दोघंही हसले. बाईंनी ती पानं तिथेच बसून वाचली, डोळे पुसले, पदराखाली धरून घरी आणली आणि नीट ठेवली.

आता नीट ठेवणे या क्रियेविषयी काय सांगावं? समोर टाकलेली वस्तू दिसते, हरवलेली शेजारी आणून देतात. नीट ठेवलेली वस्तू मात्र ठेवणाऱ्यालाच दिसेनाशी होते. बाईंच्या प्रस्तावनेचं तसंच झालं. दोन दिवसांनी छापखान्यात पाठवायला म्हणून बघतात तो पानं जागेवर नाहीत.

अठरा दिवस शोध चालला. टेबल झालं, कपाट झालं, विहिरींच्या फायली झाल्या, गादीखाली झालं. बाईंचे यजमान विश्वासराव स्वभावाने गरीब. त्यांनी फ्रिजच्या मागे बॅटरी मारून बघितलं. "मोबाईलवर एक फोटो काढून ठेवला असतास तर—" हे वाक्य ते दिवसातून एकदा सुरू करत आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून अर्ध्यावर सोडत. बाईंना अन्न गोड लागेना. पुस्तक थांबलं याचं दुःख होतंच. पण ज्या माणसाने थरथरता हात दुसऱ्या हाताने धरून आपल्यासाठी लिहिलं, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की गुरुजी, तुमचं ते मी हरवलं? लाजेने जीव अर्धा झाला होता.

घरात एकच जागा शोधायची राहिली होती, आणि ती शोधावी असं दोघांच्याही मनात आलं नाही. ती म्हणजे पाठकोऱ्यांची पेटी.

पाठकोरा म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला सांगायला नको. पण हल्लीच्या मुलांना सांगावं लागेल. ज्या कागदाची एक बाजू छापलेली किंवा लिहिलेली आणि पाठ कोरी, तो पाठकोरा. सोसायटीची नोटीस वाचून झाली, ठेवा, पाठकोरी आहे. लग्न होऊन जोडप्याला दोन मुलं झाली, पत्रिका ठेवा, आतली बाजू कोरी आहे. कच्चं लिहायला, हिशेबाला, यादीला होते. ही विद्या मंदाकिनीबाईंना दिली होती ती हरदास गुरुजींनीच. कागद मिळायची मारामार होती त्या काळात गुरुजी पोरांकडून पाठकोरे गोळा करून घेत, दाभणाने टाके घालून त्यांच्या वह्या शिवत. "कोरी पाठ टाकणं म्हणजे अर्धं ताट तसंच ठेवून उठणं," असं दरडावत. गावात त्यांना मागून 'पाठकोरे मास्तर' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

बाईंनी ही एक शिकवण जन्मभर पाळली. कामाच्या खोलीत पाठकोऱ्यांची एक मोठी पत्र्याची पेटी होती. ती भरली तेव्हा दुसरी आली. दुसरी भरली तेव्हा पलंगाखाली गठ्ठे गेले, मग दारामागे, मग टेबलावर, मग खुर्चीवर. प्रिंटरमध्येसुद्धा बाई कोरा कागद घालत नसत. पेटीतून मूठभर पाठकोरे काढायचे आणि घालायचे. पण प्रस्तावना त्या पेटीत शोधायची? छे! तिथे सगळे कोरे कागद. कोऱ्यात काय शोधायचं?

तर एका मंगळवारी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि काठी टेकत हरदास गुरुजी उतरले. 

"मंदा, प्रस्तावना छापखान्यात गेली का गं?"

"नाही गुरुजी. अजून जायचीय."

"सुटलो बुवा! त्यातलं एक वाक्य काढून टाकायचंय मला. तिसऱ्या पानावरचं. तेवढ्यासाठी आलो. आण बघू ती पानं."

बाईंच्या तोंडून शब्द गेला, "आहेत ना. नीट ठेवलीत." आणि लगेच, "आधी चहा घ्या."

विश्वासराव चहा टाकायला इतक्या तातडीने उठले, की गुरुजींनी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे जरा निरखून बघितलं. मग ते कामाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. बाईंनी खुर्चीवरचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, तेव्हा कुठे त्यांना बसता आलं. त्यांनी चारी बाजूंनी नजर फिरवली. हा माणूस अजूनही खोली नकाशासारखी बघतो, हे बाईंच्या लक्षात आलं.

"यातले सगळ्यात जास्त कागद कशाचे आहेत?"

हा प्रश्न बाईंना वाचवणारा वाटला. निदान या एका गोष्टीत तरी त्यांची मान ताठ होती. "पाठकोरे, गुरुजी!" त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकवलंत तसे. एक टाकलेला नाही. या दोन पेट्या, हे गठ्ठे, पलंगाखाली आणखी आहेत. चाळीस वर्षांचे!"

"अरे वा," गुरुजी म्हणाले. "उघड एक पेटी."

पेटी उघडली. कागद अगदी काठापर्यंत, छापील बाजू वर आणि कोरी बाजू खाली, अशा शिस्तीत रचलेले. गुरुजींनी वरचा कागद उचलला. शेवयांच्या मशीनची जाहिरात होती. त्यांनी तो उलटा केला. पाठ स्वच्छ, पांढरीशुभ्र. त्यांनी खिशातून लाल-निळी पेन्सिल काढली, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि त्या कोऱ्या पाठीवर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, लाल रेघ ओढली. कागद बाजूला ठेवला. दुसरा उचलला. उलटा केला. कोरा. रेघ.

बाईंना क्षणभर वाटलं, आपल्या बघण्यात काहीतरी चूक होतेय.

तिसरा. चौथा. रेघ थरथरत जाई, पण जाई शेवटपर्यंत. पाचव्या कागदाला बाईंना राहवलं नाही. "अहो गुरुजी, हे काय करताय? चांगला कागद आहे तो! त्याच्यावर एक अख्खी विहीर काढता येईल!"

"येईल की," गुरुजी म्हणाले, आणि रेघ मारली.

"मग?"

"तूही एक पेन्सिल घे. पुढची बाजू वाचत बसू नकोस. कागद उलटा कर, पाठ बघ, कोरी असली की रेघ मार. माझा हात फार काळ टिकायचा नाही."

बाई स्वयंपाकघरात गेल्या. "अहो," त्या कुजबुजल्या, "गुरुजींना काहीतरी झालंय."

"काय झालं?"

"पाठकोऱ्यांवर रेघा मारतायत. कोऱ्या पाठीवर!"

विश्वासरावांनी गॅस बारीक केला. "पाठकोरे मास्तर? रेघा? शुद्धीवर आहेत ना?"

"तोच तर प्रश्न आहे."

"मग तू काय करणार?"

"पेन्सिल घे म्हणतायत. घेते."

कुतूहल ही मोठी विचित्र गोष्ट आहे. बाईंना भीती होती, लाज होती, समोर चांगला कागद नासतोय याची हळहळ होती; पण या सगळ्यांच्या वर एक प्रश्न टुणटुणत होता. ज्या माणसाने बोटभर कागद कधी वाया जाऊ दिला नाही, तो आज हे का करतोय? सातवीतल्या मुलीचाच प्रश्न होता तो. त्या निळी पेन्सिल घेऊन गुरुजींच्या पायाशी जमिनीवर बसल्या आणि पहिला कागद उलटा केला.

पहिल्या दहा रेघा मारताना बाईंचा हात अक्षरशः अडला. पाप करतोय असं वाटत होतं. विसाव्या रेघेपर्यंत नुसती चुटपुट उरली. पन्नासाव्या कागदापाशी मात्र त्यांना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. रेघ मारल्यावर कागद परत सुलटा केला, की तो निराळाच दिसे. २००९ सालच्या निवडणुकीचं पत्रक. इतकी वर्षं ते पेटीत होतं ते पाठीच्या जोरावर. आता पाठ गेली, आणि हातात उरलं ते २००९ सालचं निवडणुकीचं पत्रक. त्याचं काय करायचं, हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. बंद पडलेल्या गॅस एजन्सीची सूचना. कुणाच्या तरी मुलाच्या सहामाहीची गणिताची प्रश्नपत्रिका. त्यांना हसू आलं.

"काय हसतेस?"

"हे सगळं मी सांभाळलं, गुरुजी? हे?"

"तू हे नाही सांभाळलंस. तू त्यांची पाठ सांभाळलीस. पुढची बाजू फुकटात राहून गेली." गुरुजींनी पेन्सिल खाली ठेवून हात चोळला. "मंदा, रद्दी हा शब्द कशावरून आला?"

"रद्द यावरून?"

"हो. म्हणजे आधी रद्द करायचं, मग ती रद्दी. तुझ्या घरात रद्दी नाहीच मुळी. कारण तू एकही कागद रद्द केलेला नाहीस. नुसते उलटे केलेस. ज्याचा निकाल लावायचा कंटाळा आला, तो उलटा केला आणि म्हटलं, असू दे, पाठकोरा आहे. हवा की नको, हा प्रश्न पाठीआड गेला. आणि ही सबब तुला कुणी दिली? मी दिली. चांगली मजबूत, नीतीची सबब दिली."

विश्वासराव चहाचे कप घेऊन दारात आले होते, ते तिथेच थबकले.

गुरुजी सांगू लागले. "गेल्या आठवड्यात मुलीने माझं कपाट उपसलं. माझ्याकडेही या पेट्या होत्याच. एक पाठकोरा हातात आला. पाठीवर माझ्याच अक्षरात यादी होती. लिंबं, खडीसाखर, शाईची दौत. सहज म्हणून उलटून बघितलं, तर पुढच्या बाजूला पत्र होतं. सोपान गवळी म्हणून माझा विद्यार्थी होता, त्याचं. एकेचाळीस वर्षांपूर्वीचं. 'गुरुजी, अकरावीला नाव घालू का मामाच्या पिठाच्या गिरणीवर बसू? घरचे दोन्हीला तयार आहेत. तुम्ही लिहाल तसं करतो.' एवढंच. मी ते वाचलं असणार. उद्या सवडीने उत्तर देऊ म्हणून ठेवलं असणार. आणि दुपारी बाजारात जाताना हाताला कागद लागला, पाठ कोरी होती, त्यावर यादी केली."

 कपातला चहा निवत होता.

"मग मी त्याला शोधत गेलो. गिरणीवरच बसलेला आहे. भुवयांवर पीठ. मला बघून धावत आला, पाया पडला, चहा मागवला. मी पत्र पुढे केलं. म्हणाला, 'गुरुजी, तुमचं उत्तर आलं नाही तेव्हाच मी ओळखलं. पोरगा शिकण्यातला नाही, पण तोंडावर नाही म्हणायचं तुमच्या जिवावर आलं असेल. मग बसलो गिरणीवर.'" गुरुजींनी पेन्सिल पुन्हा उचलली. "वर्गात पहिला यायचा गं तो. माझा राग राग केला असता तर बरं झालं असतं. तो उलट माझीच समजूत घालत बसला."

मंदाकिनीबाईंच्या हातातली पेन्सिल थांबली.  त्यांनी ना आडपडदा ठेवला ना सबब सांगितली.

"गुरुजी, मी तुमच्याशी खोटं बोलले. प्रस्तावना नीट ठेवलेली नाही. हरवलीय. अठरा दिवस शोधतेय. तुम्ही महिनाभर हात धरून लिहिलंत, आणि मी—" साठीची बाई सातवीतल्या पोरीसारखी रडू लागली.

 आपण आता जड शब्द ऐकणार, अशी बाईंनी मनाची तयारी केली. गुरुजी एवढंच म्हणाले, "कागद कुठला होता?"

"कुठला म्हणजे?"

"मी कशावर लिहिली होती?"

बाईंनी डोळे पुसले. त्या आठवू लागल्या. अक्षर आठवत होतं, काळी शाई आठवत होती, थरथरलेली वेलांटी न् वेलांटी आठवत होती. कागद आठवेना.

"पाठकोऱ्यावर, मंदा," गुरुजी म्हणाले. "मी दुसऱ्या कशावर लिहिलंय का आयुष्यात? पतपेढीच्या वार्षिक सभेच्या नोटिसा होत्या, तीन. तुझ्या टेबलावर त्या नोटिशीची बाजू वर करून पडल्या असतील, तर तुला काय दिसलं असेल?"

बाई उठून उभ्याच राहिल्या. त्यांना आठवलं. पानं आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते म्हणून त्यांनी टेबल आवरलं होतं. पतपेढीच्या नोटिसा दिसल्या होत्या. आपण या पतपेढीचे सभासदही नाही, असं मनात येऊन गेलं होतं. आणि तरी हात आपोआप पेटीकडे गेला होता. पाठ बघायचीसुद्धा तसदी घेतली नव्हती. नोटीस म्हटली की पाठकोरी, हे हाताला पाठ होतं.

"अहो!" त्यांनी हाक मारली. "कप ठेवा आणि इकडे बसा!"

मग तिघंही बसले. कागद उलटा, पाठ बघ, कोरी, रेघ. कोरी, रेघ. आता बाईंचे हात भराभर चालत होते, पण एकही कागद न उलटता पुढे जात नव्हता. विश्वासरावांनी पंखा बंद केला. पहिली पेटी उपसून झाली आणि दुसऱ्या पेटीत, वरून वीतभर खाली, घरपट्टीच्या सूचनेखाली, पतपेढीची नोटीस आली. बाईंनी ती उलटली.

'विहीर खोदणारा माणूस आधी आकाशाकडे पाहतो,' अशी सुरुवात होती. थरथरती, काळी, गोल अक्षरं. पहिलं पान.

बाईंनी ते कपाळाला लावलं. त्याच्याच खाली दुसरं पान होतं. विश्वासरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी एका लग्नपत्रिकेवर दोन रेघा मारल्या.

तिसरं पान मात्र तिथे नव्हतं. पेटीचा तळ लागला. पलंगाखालचे गठ्ठे झाले, दारामागचे झाले. दुपार कलली. तिसरं पान कुठेच नव्हतं. आणि मग बाईंची नजर प्रिंटरवर गेली आणि तिथेच खिळली.

आठ दिवसांपूर्वी त्यांनी पुन्हा एकदा तपासायला म्हणून परिशिष्टाची एक कच्ची प्रत छापून काढली होती. मूठभर पाठकोरे घेतले होते, यंत्रात घातले होते. वीस पानं आली होती. ती न बघताच चिमट्यात अडकवून ठेवली होती. बाईंनी चिमटा काढला. अकराव्या पानावर विहिरींचा तक्ता होता. गावाचं नाव, खोली, पायऱ्या, पाण्याची पातळी, बारीक टायपात, पानभर. आणि त्या तक्त्याच्या खाली, आकड्यांच्या फटींतून, गुरुजींची अक्षरं आत कोंडल्यासारखी दिसत होती. काळ्यावर काळं. बाईंनी भिंग लावून बघितलं, उजेडासमोर धरून बघितलं. एक शब्द लागला तर दोन निसटत होते.

फक्त वरच्या समासात गुरुजींच्या दोन ओळी तेवढ्या सुटल्या होत्या. बाईंनी त्या वाचल्या. "'मंदाकिनीला मी वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ काही शिकवलं. त्यातलं एक मात्र'... आणि इथून तक्ता सुरू."

गुरुजींनी पान मागून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. आणि एकाएकी ते हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले. विश्वासराव पाणी आणायला धावले.

"हेच गं! हेच वाक्य काढायला आलो होतो मी!" ते म्हणाले. "'त्यातलं एक मात्र ती कधीच विसरली नाही, ते म्हणजे कागदाची पाठ कोरी न टाकणं.' आणि पुढे सगळं पान याचंच कौतुक. सोपानला भेटून आलो आणि मला चैन पडेना. ही पोरगी ते छापेल, लोक वाचतील, आणखी पेट्या भरतील. म्हणून रिक्षा केली. तुझ्या यंत्राने माझं काम माझ्याआधीच केलेलं आहे."

"पण आता त्या जागी काय घालू, गुरुजी? तुम्ही सांगा, मी लिहून घेते."

"छे. जेवढं वाचता येतंय तेवढं छाप."

"वाक्य अर्धवट राहील."

"राहू दे. ते पुरं केलं होतं तेव्हा चुकलं होतं."

संध्याकाळपर्यंत रेघा मारलेल्या कागदांचे एकवीस गठ्ठे बांधून दारात गेले. रद्दीवाल्याने दोरी आवळता आवळता विचारलं, "काकू, एवढ्या कोऱ्या कागदांवर रेघा का मारल्यात?" बाई म्हणाल्या, "रद्द केले, बाबा." त्याला ते पुरलं. खोलीत खुर्ची मोकळी होती आणि टेबलाचं लाकूड दिसत होतं. टेबलावर तीन कागद होते. अठ्ठावीस कागद मात्र बाईंनी वेगळे काढून खणात ठेवले होते. ती माणसांची पत्रं होती, पाठीवर बाईंच्या याद्या आणि पुढे कुणाकुणाचे प्रश्न. दुसऱ्या दिवसापासून त्या उत्तरं लिहू लागल्या. काही उत्तरांना फार उशीर झाला होता. तीही लिहिली.

पुस्तक निघालं. प्रस्तावना छापली ती जशी उरली तशीच. शेवटची ओळ होती 'त्यातलं एक मात्र', आणि पुढे पूर्णविरामसुद्धा नाही. त्या पानाची पाठ कोरी राहत होती. छापखान्याचे मालक म्हणाले, "ताई, अख्खं पान मोकळं जातंय. शुद्धिपत्र टाकू? निदान विहिरीचं एखादं छोटं चित्र?" बाई म्हणाल्या, "काही टाकू नका."

पहिली प्रत त्या स्वतः गुरुजींना देऊन आल्या. गुरुजींनी प्रस्तावना शेवटपर्यंत वाचली, पान उलटलं आणि कोऱ्या पाठीवरून तळहात फिरवला. त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. मग त्यांनी तो तसाच मागे घेतला आणि पुस्तक मिटलं.

अजूनही एखाद्या वाचकाचा बाईंना फोन येतो. "ताई, माझ्या प्रतीत घोटाळा झालाय. गुरुजींनी शिकवलेलं ते एक काय, ते पुढे छापलेलंच नाही."

"छापलंय की," बाई म्हणतात. "पान उलटा."

 मग कागद उलटल्याचा आवाज.

"अहो, हे तर कोरं आहे!"

"हो," बाई म्हणतात. "तेच. फार उशिरा शिकवलं त्यांनी."

आपल्याही घरी अशी एखादी पेटी असेल. आज सवड काढून त्यातला निदान एक कागद उलटावा, आणि पुढच्या बाजूला कुणी काही विचारलंय का, तेवढं बघावं.